गाडीत पोरांसाठी डीव्हीडी प्लेअर लावताय? आधी तो घट्ट बांधा
अहो, प्लेअर कुठला घ्यायचा ते नंतर बघू, आधी तो बसवणार कसा ते सांगा. मांडीवर अजिबात देऊ नका, जोरात ब्रेक लागला की तीच वस्तू दगडासारखी उडते. पुढच्या सीटच्या हेडरेस्टला दोन पट्ट्यांनी बांधायचा, मग हाताने जोरात ओढून बघायचं, जरा जरी हलला तर परत आवळायचा. मी सुरुवातीला एकाच पट्टीवर भागवलं आणि पहिल्याच स्पीडब्रेकरला स्वारी खाली, नशीब गाडीत पोरं नव्हती.

वायरचं मात्र खरंच मनावर घ्या. लोंबती वायर लहान मुलाच्या गळ्याभोवती अडकू शकते, म्हणून ती सीटच्या कडेने क्लिप लावून न्या नाहीतर सरळ बॅटरीवरच चालवा. हेडफोन दिलात तर आवाज ८५ डेसिबलच्या वर जाणार नाही असा मुलांचा घ्या. स्क्रीन डोळ्यांच्या उंचीला ठेवा, मान खाली घालून बघितलं की मळमळतं, मग सीट धूत बसा (अनुभव आहे!). आणि पोरगं कितीही रडलं तरी डिस्क बदलायची ती गाडी बाजूला थांबवूनच. उन्हात गाडी लावणार असाल तर प्लेअर काढून सोबत न्या, बॅटरी फुगते.