कॉमिकमधल्या अँटिहिरोइनवर (धड चांगली नाही, धड वाईट नाही अशा नायिकेवर) 5 मिनिटांचा ॲनिमेशनपट तिघांत करायचा आहे. कुठून सुरुवात करावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बॅटमॅनच्या कॉमिक्समधली चोर कॅटवुमन, तिच्यावरचा 2011 चा लघुपट पाहिला, तशा धाटणीचा टूडी ॲनिमेशनपट तिघांनी मिळून करायचा आहे. पात्र तेच घ्यावं की स्वतःचं, चित्रं किती लागतील आणि वेळ किती जाईल?

पात्र स्वतःचं घ्या. कॅटवुमनचे हक्क डीसी या कॉमिक्स कंपनीकडे आहेत आणि "आम्ही पैसे कमावत नाही" म्हटल्याने ते हक्क आपल्याकडे येत नाहीत. महोत्सवाला फिल्म पाठवताना सगळे हक्क तुमच्याकडे असल्याचं सहसा लिहून द्यावं लागतं, आणि गाडी तिथेच अडते. नाव बदलून कान, चाबूक आणि गॉगल तसेच ठेवणं हीही पळवाट नाही. प्रेक्षक दोन सेकंदांत ओळखतो, आणि मग तुमचं पात्र कायमचं "ती नक्कल" होऊन बसतं.

तो लघुपट मात्र पुन्हा पाहा, या वेळी हातात घड्याळ घेऊन. दिग्दर्शन लॉरेन मॉन्टगोमरी, लेखन पॉल डिनी, आवाज एलायझा डुश्कू, लांबी 15 मिनिटं. 'बॅटमॅन: इयर वन' या ॲनिमेशनपटाला जोडून तो आला होता. एका मांजरीमागे बंदूकवाले गुंड लागलेत, इथून गोष्ट सुरू होते. नायिकेचं बालपण, तिच्यावर झालेला अन्याय, ती चोर का झाली, यातलं काहीही सांगितलेलं नाही. ती आधी काय करते ते दिसतं, मग ती कोण ते कळतं. त्या लघुपटातून ही युक्ती नक्की चोरा. क्लबमधला नाच मात्र माझ्या मते 15 मिनिटांच्या हिशोबात फार लांबला आहे, कारण तेवढ्या वेळात तिच्याबद्दल नवीन काही हाती लागत नाही. तुमच्याकडे त्याच्या एक तृतीयांश वेळ आहे, त्यामुळे असा एकही प्रसंग परवडणार नाही.

अँटिहिरोइनच्या गोष्टीचा कणा एकच: तिला हवी असलेली वस्तू आणि न करता राहवणार नाही अशी एक कृती, या दोन्ही एकाच क्षणी समोर याव्यात. एकीला हात घालायचा तर दुसरी सोडावी लागली पाहिजे. हा निर्णय तिला महागात पडला नाही तर ती नुसती काळे कपडे घातलेली नायिका होते. आणि शेवटी तिला पकडूही नका, सुधारूही नका. 1940 साली 'बॅटमॅन'च्या पहिल्या अंकात कॅटवुमन आली ती 'द कॅट' नावाची दागिने चोरणारी बाई म्हणून. 1954 मध्ये अमेरिकेत कॉमिक्स कोड (प्रकाशकांनी स्वतःवर घालून घेतलेली नियमावली) आला, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे असं बंधन आलं, आणि तिथून 1966 पर्यंत ती कॉमिक्समधून गायबच होती. निसटून जाणं हाच जिचा स्वभाव, तिला त्या नियमात बसवणार कसं? तुमच्यावर ते बंधन नाही, तेव्हा स्वतःहून लादून घेऊ नका.

आता आकडे. पटकथेचं एक पान म्हणजे साधारण एक मिनिट, म्हणजे पाच पानं. एक रात्र, एक जागा, जास्तीत जास्त तीन पात्रं, संवाद अडीचशे शब्दांच्या आत. 5 मिनिटं म्हणजे 300 सेकंद, सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशोबाने 7200 फ्रेम. प्रत्येक चित्र दोन फ्रेम धरलं (ज्याला 'ऑन टूज' म्हणतात) तरी एका पात्राची 3600 चित्रं. तिघांनी या वाटेला जाऊच नये. सरासरी सव्वातीन सेकंदांचे 90 शॉट धरा आणि त्यांची तीन गटांत विभागणी करा. 35 शॉट जवळजवळ स्थिर: पापणी मिटते, केस हलतात, कॅमेरा सरकतो, प्रत्येकी 3 चित्रं. 35 शॉट छोट्या हालचालीचे: मान वळते, हात पुढे येतो, संवाद होतो, प्रत्येकी 12. उरलेले 20 शॉट पूर्ण हालचालीचे, प्रत्येकी 36. बेरीज 1245 येते. रफ (कच्चं चित्र), क्लीन-अप (त्याच्या स्वच्छ रेघा) आणि रंग मिळून एका चित्राला पाऊण तास धरला तर सुमारे 930 तास. तिघांनी रोज चार-चार तास दिले तर अडीच महिन्यांवर जातं, आणि त्यात डिझाइन, स्टोरीबोर्ड (शॉटवार कच्च्या चौकटी), बॅकग्राउंड, आवाज काहीच धरलेलं नाही. सगळं मिळून सहा महिने मनात ठेवा.

ते 20 शॉट कोणते, हाच खरा दिग्दर्शनाचा प्रश्न. बहुतेक जण ते सगळे मारामारीवर उधळतात. पाच-सहा शॉट तिच्या निर्णयाच्या क्षणासाठी राखून ठेवा: हात वस्तूकडे जातो, थांबतो, बोटं मिटतात. तिथली हालचाल गुळगुळीत आणि भरीव असेल तर मारामारीतली काटकसर कोणी मोजत बसत नाही.

पोशाख ठरवताना प्रत्येक रेघ हजार वेळा काढायची आहे हे विसरू नका. चार बकल, दोन चेन आणि मांडीवरचा पट्टा मॉडेल शीटवर (पात्र सगळ्या बाजूंनी काढलेल्या संदर्भपानावर) छान दिसतात, पण वळणाऱ्या शॉटमध्ये दर चित्राला जागा बदलतात आणि अंगावर किडे वळवळल्यासारखे दिसतात. एकच ठळक खूण ठेवा, म्हणजे एखादी तिरकी कॉलर किंवा एकाच हातात मोजा. मॉडेल शीटमध्ये समोरून, पाऊण, बाजूने आणि मागून अशा चार बाजू, सहा-आठ भाव आणि हातांचं वेगळं पान हवं. मुखवटा असेल तर भुवया झाकल्या जातात आणि निम्मा अभिनय तिथेच संपतो. म्हणून मुखवट्याच्या डोळ्याभोवतीची कडच भुवईसारखी वाकू द्या. गॉगल असेल तर निर्णयाच्या शॉटआधी तो कपाळावर चढवण्याचं निमित्त पटकथेतच पेरून ठेवा.

रात्र आणि काळा पोशाख, इथे निम्म्या फिल्म बुडतात. पोशाखाला शुद्ध काळा कधीच देऊ नका. शून्य काळा आणि शंभर पांढरा धरला तर पोशाखाचा मूळ रंग 15 ते 20 वर, थोडा निळसर किंवा जांभळट, सावली 8-10 वर आणि एका बाजूने उजळ कड. पात्रामागची भिंत किंवा आकाश 30 च्या पुढे हवं. शॉट मंजूर करण्याआधी चित्र करड्या रंगात बदलून अंगठ्याएवढं लहान करा. त्यात ती कुठे उभी आहे आणि कुठे बघते आहे हे कळत नसेल तर बॅकग्राउंड बदला, पात्राला हात लावू नका. पात्राचा रंग एका शॉटसाठी बदलला की पुढच्या दहा शॉटचा मेळ बिघडतो.

स्टोरीबोर्डला शॉटमागे दोन-तीन चौकटी, म्हणजे सव्वादोनशेच्या आसपास. त्या कच्च्या आवाजासह टाइमलाइनवर लावल्या की ॲनिमॅटिक तयार. इथे घाई करू नका. ॲनिमॅटिकमध्ये कंटाळवाणा वाटणारा शॉट रंगवून झाल्यावर मजेदार होत नाही. गोष्ट माहीत नसलेल्या दोघांना तो दाखवा, "तिने काय सोडलं आणि का?" एवढंच विचारा. उत्तर आलं नाही तर अजून पेन्सिल उचलायची वेळ आलेली नाही. कापाकापी इथेच संपवा, कारण ॲनिमेट करून मग कापलेला तीन सेकंदांचा शॉट म्हणजे 36 चित्रं कचऱ्यात.

आवाज ॲनिमेशनच्या आधी रेकॉर्ड करा, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट, सगळ्यात मोठा आवाज उणे 6 डेसिबलच्या खाली. धापा, कण्हणं, उडी मारतानाचा हुंकार हे सत्राच्या शेवटी घ्या, आधी घेतले तर घसा बसतो आणि संवाद वाया जातात. ओठांसाठी आठ आकार पुरतात. प, ब, म ला ओठ मिटलेले किमान दोन फ्रेम दिसले पाहिजेत, नाहीतर बाकी सगळं बरोबर असूनही डबिंग केल्यासारखं वाटतं. तोंड आवाजाच्या एक-दोन फ्रेम आधी उघडू द्या. बरोबर त्याच फ्रेमवर ठेवलं तर डोळ्याला ते उशिरा उघडल्यासारखं दिसतं.

सॉफ्टवेअरवर फार वेळ घालवू नका. ओपनटून्झ, क्रिटा, ब्लेंडरमधलं ग्रीस पेन्सिल, तिन्ही मोफत आहेत आणि तिन्हींत हे काम होतं. तिघांनी एकच निवडा, प्रत्येक शॉटची वेगळी फाइल ठेवा आणि नावात शॉट क्रमांक आणि आवृत्ती घाला. "फायनल", "फायनल नवीन" असं सुरू झालं की महिन्याभरात जुनं चित्र रंगवलेलं सापडतं.

चाबूक किंवा दोरी ठेवणार असाल (अँटिहिरोइनला बहुतेक ठेवतातच), तर तो एक फटका नीट शिकून घ्या. मूठ पुढे जाते, टोक मागेच राहतं. मूठ थांबल्यावरही चाबकातली वेटोळी लाट टोकाकडे धावत राहते, आणि चाबूक टोकाकडे बारीक होत जातो म्हणून तिचा वेग वाढत जातो. टोक ध्वनीचा वेग ओलांडतं तेव्हा कडाड असा आवाज होतो. फ्रेममध्ये मांडायचं तर फ्रेम 1 ते 4: हात मागे, चाबूक लोंबता. फ्रेम 5-6: हात पुढे, चाबूक अजून मागे, एसच्या आकारात. 7 वर वेटोळं मध्यावर. 8 वर नुसता पुसट फराटा. 9 वर टोक सरळ, आणि आवाज याच फ्रेमवर. 10 ते 16 ढिला पडत जाणारा. 5 ते 9 प्रत्येक फ्रेमला वेगळं चित्र काढा, बाकी दोन-दोनवर चालतं. नेहमीची चूक म्हणजे चाबकाची लांबी दर चित्रात वाढत जाते आणि तो रबराचा वाटतो. पहिल्या चित्रात चाबकावर समान अंतराने आठ ठिपके द्या आणि पुढच्या प्रत्येक चित्रात (8 वरचा फराटा सोडून) ते मोजत जा. दुसरी चूक म्हणजे आवाज हाताच्या झटक्यावर लावणं. तसं केलं की फटक्यातला जीवच जातो.

मारामारीत प्रत्यक्ष स्पर्शाचं चित्र बहुतेक वेळा गाळता येतं. मूठ अंगापासून वीतभर लांब, पुढच्या चित्रात अंग आधीच मागे फेकलेलं, आणि ते चित्र तीन-चार फ्रेम तसंच धरायचं. मग कॅमेऱ्याचा कमी होत जाणारा हादरा, तोही चार फ्रेमपेक्षा जास्त नको. तीन गुंड एकदम अंगावर आले तर तिप्पट चित्रं लागतात, म्हणून दोघांना फक्त भिंतीवरच्या सावल्यांतून दाखवा. ती डावीकडून उजवीकडे लढत असेल तर पूर्ण प्रसंगभर कॅमेरा त्याच बाजूला ठेवा. अंधारात बाजू पलटली की कोण कोणाला मारतंय तेच कळेनासं होतं.

रंग भरताना रेघेत फट राहिली तर रंग बाहेर सांडतो. फट बुजवण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती मोठी ठेवली तर बोटांमधल्या बारीक जागा रंगायच्याच राहून जातात. आणि भरलेला रंग रेघेखाली एक-दोन पिक्सेल सरकवून ठेवा, नाहीतर काळ्या पोशाखाभोवती पांढरी किनार दिसते.

कंपोझिटिंगमध्ये (पात्र, बॅकग्राउंड असे सगळे थर एकत्र जोडताना) रात्रीच्या आकाशाच्या छटांवर पट्टे पडतील. 8 बिटच्या व्हिडिओत गडद रंगांना पायऱ्याच कमी मिळतात, आणि एच.264 (व्हिडिओची फाइल लहान करणारी पद्धत) उरलेल्या सपाट करून टाकतो. सगळ्यात वर अगदी हलकं ग्रेन (बारीक दाणेदारपणा) टाका, डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढं, पट्टे मोडतात. आवाजाची सरासरी पातळी सुमारे उणे 14 एलयूएफएस (कानाला जाणवणारा आवाज मोजायचं एकक) आणि कमाल शिखर उणे 1 डेसिबल ठेवलं तर यूट्यूबवर फार खाली ओढलं जात नाही. शेवटची प्रत बनवली की ती एकदा भर दुपारी खिडकीशी बसून, मोबाइलचा उजेड निम्म्यावर ठेवून पाहा. निर्णयाच्या शॉटमधली बोटं दिसत नसतील तर पूर्ण फिल्म उजळू नका, फक्त त्या पाच-सहा शॉटच्या बॅकग्राउंडचा रंग दहा घरं वर न्या आणि तेवढेच शॉट पुन्हा रेंडर करा.