दवाचा एक टक्का

प्रश्न : जळगावच्या छोट्या सॉफ्टवेअर फर्ममध्ये दीड वर्षापासून आहे. एका जिनिंगचा कापूस-खरेदीचा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस-भाषेतला प्रोग्राम माझ्या गळ्यात आलाय. लिहिणारा कधीच पुण्याला गेला. ओलाव्याच्या कपातीत ‘गाडी चारनंतर आली तर एक टक्का सोड’ अशी अट दिसली. मूर्खपणा वाटला, काढली. दुसऱ्याच दिवशी शेतकरी काट्यावर भांडायला उभे. मुनीमजी म्हणाले, उशिराच्या गाडीचं माप सकाळी होतं, रात्रीच्या दवाने ओलावा चढतो, म्हणून ती सूट ठरलेली. असल्या अटी जागोजागी आहेत. शेठ म्हणतात, सीझनआधी चालू कर. सगळं नव्याने लिहू का? – एक वाचक, एरंडोल

उत्तर : ताई, नका लिहू. नव्याने बसलात तर दवासारखे आणखी किती टक्के गाळाल, ते तुम्हालाही कळणार नाही.

मुनीमजींकडून गेल्या सीझनच्या शंभर काटापावत्या मागा. सरळसाध्या नकोत, उशिराच्या, ओलावा १२ च्या वर गेलेल्या, उचल कापलेल्या, रद्द झालेल्या. अट परत घालून त्या जुन्या प्रोग्राममधून काढा, निघालेल्या हिशोबपट्ट्या जपून ठेवा. पुढे एक ओळ जरी बदलली तरी शंभरच्या शंभर पुन्हा काढायच्या. रुपयाचा फरक आला की थांबायचं आणि मुनीमजींना गाठायचं.

मी काही सोवळा नाही. जीएसटी १ जुलै २०१७ ला आला, आणि त्याच वर्षी १५ नोव्हेंबरपासून शेतकऱ्याकडून घेतलेल्या कापसावर रिव्हर्स चार्ज; म्हणजे कर खरेदीदाराने भरायचा. ऐन सीझन, फाटकाबाहेर गाड्यांची रांग. मी भुसावळहून रात्री गेलो, बिलाचा अख्खा फॉर्म कॉपी केला, त्यात ५ टक्के ठोकले, वर लिहिलं ‘तात्पुरतं’. मग प्रत्येक बदल दोन ठिकाणी. तिसऱ्या वर्षी एकीकडे विसरलो, आणि मार्चअखेर दोन रजिस्टरांचा मेळ लावण्यात आठ रात्री गेल्या. (पैसे? मागायची लाज वाटली.)

वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन प्रोग्रामरने १९९२ मध्ये अशा घाईत लिहिलेल्या कोडला कर्जाची उपमा दिली. लवकर फेडलं तर हरकत नाही, म्हणाला. सोसायटीचं पीककर्ज आपल्याकडे दर मार्चला नवं-जुनं करतात ना, तसं मी त्या फॉर्मचं करत राहिलो.

फॉक्सप्रोचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्येच बंद केला, म्हणून कधीतरी नव्यावर हलावं लागेलच. शेठकडून त्यासाठी एप्रिल-मे मागून घ्या. तेव्हा जिनिंग बंद असतं, मुनीमजीही मोकळे. आज ती अट परत घाला, आणि तिच्यावर दवाचं कारण मराठीत लिहून ठेवा.