मांगरातलं व्ही-एट: किंमत नेमकी कशाची?

प्रश्न (वेंगुर्ले): आजोबांच्या 1965 च्या शेव्हरोले इंपालात नंतर डिझेल इंजिन बसवलं आणि मूळचं पेट्रोल व्ही-एट (आठ सिलिंडरांचं इंजिन) गावी मांगरात, म्हणजे आवारातल्या शेडीत, येऊन पडलं. गाडी अजून काकांकडे मुंबईत आहे. इंटरनेटवर मसल कारच्या इंजिनांचे भाव लाखांत दिसतात, पुण्याचं गिऱ्हाईक मात्र भंगाराच्या थोडं वर बोलतंय. खरी किंमत कशी काढायची?

उत्तर: इंटरनेटवरचे भाव आधी बाजूला ठेवा. ते मोठे आकडे इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्याच नंबरांशी जुळतं तेव्हाचे असतात. शेव्हरोलेने ही स्मॉल ब्लॉक (लहान बांध्याची) व्ही-एट लाखोंनी बनवली. त्यातलं साधं, सुटं इंजिन अमेरिकेत दुर्मीळ नाही. तुमच्याकडे मात्र गाडी शिल्लक आहे, म्हणून या इंजिनाचं सगळ्यात मोलाचं गिऱ्हाईक तुमचे काकाच आहेत. पुण्याच्या माणसाला होकार देण्याआधी त्यांच्याशी बोला.

मग ओळख पटवा. ब्लॉकच्या (इंजिनाच्या मुख्य ओतीव सांगाड्याच्या) मागच्या टोकाला, फ्लायव्हीलच्या (मागच्या दातेरी चाकाच्या) बाजूला, गाडीत बसून पुढे बघताना डावीकडे ओतीव सात आकडी नंबर असतो. तिथे 3782870 निघाला तर ते 327 घनइंची इंजिन. 3970010 निघाला तर तो ब्लॉक 1969 चा किंवा त्यानंतरचा, म्हणजे तुमच्या गाडीतला नव्हेच. मध्ये कुणीतरी बदललेला. मागेच उजव्या बाजूला ओतल्याची तारीख सापडते. इंग्रजी पहिलं अक्षर म्हणजे जानेवारी, बारावं म्हणजे डिसेंबर. पुढे दिवस आणि वर्षाचा शेवटचा आकडा. 'के 9 4' म्हणजे 9 नोव्हेंबर 1964. तो 4 चौसष्टचा की चौऱ्याहत्तरचा हे ओतीव नंबरावरूनच ठरतं. ओतल्याची तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची असावी. नंतरची निघाली तर विषय संपला.

तिसरी खूण उजव्या हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे, ब्लॉकच्याच सपाट पट्टीवर ठोकलेली असते: कारखान्याचं अक्षर (एफ म्हणजे फ्लिंट, टी म्हणजे टोनावांडा), महिना-दिवसाचे चार आकडे आणि शेवटी प्रकाराची अक्षरं. हा ठसा जुन्या आरसी बुकातल्या इंजिन नंबराशी ताडून बघा. डिझेल चढवताना बुकातला नंबर खोडून नवा लिहिला असेल, पण जुनी नोंद वाचता येते. ती जुळली तर तो कागद इंजिनाइतकाच जपा. पट्टी रॉकेल आणि मऊ ब्रशनेच पुसा; पॉलिश पेपर लावू देऊ नका. कारखान्याच्या मशिनिंगच्या बारीक समांतर रेघा तिच्यावर असतात. त्या गेल्या की जाणकार गिऱ्हाईक ठसा बनावट धरून चालतं.

आता तब्येत. अमेरिकन सल्ल्यांत गोठलेल्या पाण्याने फुटलेल्या ब्लॉकची भीती फार असते. आपल्याकडे शत्रू खारा वारा. इंजिन थांबलं तेव्हा काही सिलिंडरांचे व्हॉल्व्ह उघडे राहिलेले असतात. कार्ब्युरेटर काढून भोक उघडं ठेवलं असेल तर दमट हवा त्याच सिलिंडरांत शिरते आणि बाकीचे कोरडे राहतात. म्हणून आठही स्पार्क प्लग काढून मोबाइलला जोडायच्या कॅमेऱ्याने प्रत्येक सिलिंडर बघा. एकदोन पाहून निष्कर्ष काढू नका.

इंजिन हलवण्याआधी खालच्या ऑइल चेंबरचा बोल्ट जरा सैल करा. पाणी तेलाखाली बसतं, त्यामुळे आत पावसाचं पाणी गेलं असेल तर तेच आधी येईल. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये पेनिट्रेटिंग ऑइल किंवा निम्मं एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), निम्मं अ‍ॅसिटोन असं सुमारे 50 मिली ओता (विडी दूर ठेवा) आणि आठवडाभर थांबा. मग फ्लायव्हीलच्या दात्यांत पहार अडकवून हळू फिरवून बघा. क्रँकच्या पुढच्या बोल्टला गोटी पाना लावायचा मोह होतो, पण जुन्या स्मॉल ब्लॉकच्या क्रँकला पुढे बोल्टचं भोकच नसण्याची शक्यता असते. बॅटरी लावून सेल्फ मारायचा नाही. चिकटलेल्या रिंगा पिस्टनचे काठ घेऊन तुटतात आणि दुरुस्त होणारं इंजिन भंगारात जातं.

फिरलं, तर हेड काढून मोजमाप. 327 चा मूळ बोअर (सिलिंडरचा व्यास) चार इंच. पिस्टनच्या डोक्यावर 030 ठोकलेलं दिसलं तर एकदा तीस थाऊ (एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) रिबोअर झालेलं, म्हणजे सिलिंडर कापून मोठं केलेलं आहे. बोअर वर आणि खाली मोजा. फरक पाच थाऊच्या आत असेल तर होनिंग (आतून हलकं घासणं) आणि नव्या रिंगांवर भागतं, आठ-दहाच्या पुढे रिबोअर. साठ थाऊपर्यंत जाता येतं, त्यापुढे भिंत पातळ होते. गंजाचे खड्डे त्याहून खोल असतील तर स्लीव्ह (आत बसवायची नवी नळी), आणि ते काम कोल्हापूर किंवा मुंबईच्या मशीन शॉपचं. वेल्च प्लग (ब्लॉकच्या बाजूची पत्र्याची बुचं) काढून आतल्या पाण्याच्या वाटाही बघा. वर्षानुवर्षं विहिरीचं पाणी ओतलं असेल तर लाल चिखल भरलेला असतो आणि त्यामागचं लोखंड पोखरलेलं.

किंमत उलटी काढायची. समजा, पूर्ण बांधलेलं, चालू इंजिन दोन लाखांना जाईल असं दोन वेगवेगळ्या जाणकारांनी सांगितलं. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट (बहुतेक परदेशातून, वाहतूक आणि कस्टमसकट) 80 हजार, मशिनिंग आणि मजुरी 50 हजार, नेण्या-आणण्याचे 10 हजार. राहिले 60. न उघडलेल्या इंजिनात गिऱ्हाईक जोखमीसाठी निम्मे कापेल, म्हणून उघडून, मोजून, फोटो काढून विका. तळाचा भाव भंगाराचा: सगळ्या जोडण्यांसह हे इंजिन अंदाजे 260 किलो भरतं. मूळ कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्यूटर, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आणि एअर क्लीनर यांचा भाव वेगळा लावा. ठोक भाव देणाऱ्याचा डोळा बऱ्याचदा त्यांच्यावरच असतो.

प्रश्न (चिपळूण): जुन्या विलीज जीपचं 'हरिकेन' इंजिन चालू आहे म्हणून विकायला आहे. तासाभरात काय तपासू?

उत्तर: पोहोचल्याबरोबर हेडला हात लावा. गरम असेल तर तुमच्या येण्याआधी चालवून ठेवलंय. थंड स्टार्टिंगचा त्रास लपवायला. मग चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडून कॉम्प्रेशन (सिलिंडरातला दाब) घ्या. आकडे एकमेकांपासून दहा पौंडांच्या आत हवेत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. या इंजिनात एक मेख आहे: इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, पण एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये बसतो. त्याची सीट (व्हॉल्व्ह टेकतो ती जागा) आणि सिलिंडर यांच्यामधली भिंत तडकते, आणि ती तडक हेड काढल्याशिवाय दिसत नाही. तेल घालूनही आकडा वाढला नाही तर हेड उघडून दाखवल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रश्न (अलिबाग): मूळ इंजिन परत बसवलं तर आरटीओत काय करावं लागतं?

उत्तर: मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे आधी परवानगी, मग आरसीत नवा इंजिन नंबर आणि इंधनाची नोंद. गाडी पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षांहून जुनी असेल तर 2021 च्या नियमांनुसार 'व्हीए' मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मागता येतो. नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत 10 वर्षं. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी, म्हणून इंजिन आधी बसवा आणि अर्ज नंतर करा. या क्रमांकावर रोजचा वापर किंवा धंदा मात्र करता येत नाही.