बदल कुठे लिहून ठेवायचा

प्रिय,

तुझं पत्र वाचलं. लिनक्सच्या बोर्डावर एसएसएचनं (नेटवर्कवरून लॉगिन करून) शिरून वाय-फायची कॉन्फिग फाइल दुरुस्त केली, सगळं सुरळीत चाललं, आठवडाभरानं नवी इमेज, म्हणजे बोर्डावरची संपूर्ण सिस्टिम, फ्लॅश केली आणि दुरुस्ती नाहीशी झाली. फार वाईट वाटल्याचं लिहिलं आहेस. हे पहिल्याच महिन्यात घडलं ते बरं झालं. यापुढे बोर्डावर काही जुळून आलं की लगेच विचार: हा बदल राहणार कुठे?

बोर्डासाठी लिनक्सची इमेज बांधून देणाऱ्या योक्टोत त्याची जागा म्हणजे आपला स्वतःचा लेयर (रेसिप्या आणि सेटिंग्जचा फोल्डर), आणि तो पहिल्या दिवसापासून गिटमध्ये, म्हणजे बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात. चिप बनवणाऱ्यांच्या लेयरमधली रेसिपी (एखादं पॅकेज कसं बिल्ड करायचं ते सांगणारी फाइल) बदलायची असेल तर मूळ फाइलला हात लावू नकोस, आपल्या लेयरमध्ये त्याच नावाची बीबीअपेंड फाइल, म्हणजे मूळ रेसिपीला जोडली जाणारी पुरवणी, कर. लोकल कॉन्फमध्ये सगळं कोंबायची सवयही लावून घेऊ नकोस. ती फाइल तुझ्या बिल्ड फोल्डरात असते, सहकाऱ्याच्या मशीनवर ती वेगळी असणार. कोणती पॅकेजं हवीत ते इमेजच्या रेसिपीत जावं, धोरणाच्या गोष्टी डिस्ट्रोच्या, म्हणजे आपल्या लिनक्स वितरणाच्या, कॉन्फमध्ये.

पण या सगळ्याच्या आधी, काहीही न बदलता कोअर-इमेज-मिनिमल ही योक्टोची अगदी छोटी तयार इमेज बिल्ड कर. सिरियल केबल लाव, बहुतेक बोर्डांना ११५२०० बॉड रेट (सिरियलचा वेग) चालतो, आणि यू-बूटच्या (कर्नल सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामच्या) पहिल्या ओळीपासून लॉगिनपर्यंतचा सगळा लॉग फाइलमध्ये जपून ठेव. पुढे बूट अडकलं की हाच लॉग शेजारी उघडून ओळ न् ओळ ताडून बघता येतो. योक्टोची आवृत्ती निवडताना दीर्घकाळ सांभाळली जाणारीच घे. एप्रिल २०२४ ची ५.० म्हणजे स्कार्थगॅप तशी आहे. मात्र तुझ्या चिपचा लेयर त्या आवृत्तीच्या गिट शाखेवर आला आहे का, हे आधी बघ. सगळे लेयर एकाच शाखेचे हवेत, नाहीतर चुका अशा ठिकाणी फुटतात की शोधताना दमछाक होते.

सिंटॅक्समधली एकच गोष्ट सांगतो, कारण नवख्या माणसाचा दिवस त्यात जातो. इमेज-इन्स्टॉल या पॅकेजांच्या यादीला कोलन-अपेंड लावून ओपनएसएसएच (एसएसएच पुरवणारं पॅकेज) जोडताना अवतरणचिन्हाच्या आत सुरुवातीला एक स्पेस सोडावी लागते. अपेंड स्वतःहून स्पेस घालत नाही. ती राहिली तर आधीच्या शेवटच्या पॅकेजच्या नावाला ओपनएसएसएच चिकटतं आणि बिटबेक, म्हणजे योक्टोचं बिल्ड करणारं साधन, सांगतं की असलं पॅकेज कुणीच पुरवत नाही. ते जोडनाव नीट वाचलं तर चूक तिथेच दिसते. शंका आली की बिटबेक वजा-ई चालव आणि त्या व्हेरिएबलचा इतिहास बघ: कोणत्या फाइलच्या कितव्या ओळीनं त्याला काय केलं, सगळं तिथे लिहिलेलं असतं. जुन्या लेखांत कोलनऐवजी अंडरस्कोर दिसेल. ती पद्धत ऑक्टोबर २०२१ च्या ३.४ आवृत्तीत बदलली.

आता सोर्स कोडविषयी. सुरुवातीच्या काळात एका ड्रायव्हरमधला दोष मी थेट बिल्डच्या वर्क फोल्डरात जाऊन दुरुस्त करत होतो. फाइल उघडायची, बदलायची, सक्तीनं कंपाइल करायचं. चार दिवसांनी दोष सुटला. पाचव्या दिवशी डिस्क भरली म्हणून मी टेम्प फोल्डर पुसला, आणि चार दिवसांचं काम त्याच्याबरोबर गेलं. दुरुस्ती नेमकी कशी केली होती तेही मला पूर्ण आठवेना. तेव्हापासून डेव्हटूल या योक्टोच्या साधनाशिवाय मी सोर्सला हात लावलेला नाही. डेव्हटूल मॉडिफाय केलं की सोर्स वेगळ्या वर्कस्पेसमध्ये गिट रिपॉझिटरी म्हणून उघडतो. तिथे बदल, बिल्ड कर, बोर्डावर तपास, पटलं की कमिट कर. मग डेव्हटूल फिनिश म्हटलं की कमिटचे पॅच (बदलांच्या फाइली) होऊन बीबीअपेंडसकट तुझ्या लेयरमध्ये जातात. कमिटच्या मजकुरात कारण लिही. काय बदललं ते पॅचमध्ये दिसतंच.

कर्नलचंही असंच. मेन्यूकॉन्फिग या कर्नलच्या सेटिंग्जच्या मेन्यूत पर्याय चालू केलास की डिफकॉन्फिग टास्क चालव. फरकापुरती छोटी फाइल मिळते, ती लेयरमध्ये घे. एक सापळा मात्र आहे: चिपवाल्यांची कर्नल रेसिपी कर्नल-योक्टो क्लास (असे तुकडे जोडणारी सामायिक फाइल) वापरत नसेल तर हा तुकडा बहुधा मुकाट्यानं बाजूला पडतो, एररही येत नाही. म्हणून शेवटी तयार झालेली डॉट-कॉन्फिग उघडून तो पर्याय स्वतःच्या डोळ्यांनी बघ.

बाहेरचा कोड घेताना रेसिपीतल्या एसआरसीरेव्ह या व्हेरिएबलमध्ये पूर्ण कमिट हॅश (त्या कमिटची ओळख) दे. ऑटोरेव्ह (दर वेळी ताजा कमिट घेणं) रोजच्या कामात सोयीचं आहे, रिलीजमध्ये नको, कारण आजचा आणि उद्याचा बिल्ड एकच राहत नाही. डाउनलोड्सचा फोल्डर बिल्डबाहेर ठेव आणि रिलीजबरोबर त्याची प्रत जप. मार्च २०२२ मध्ये गिटहबनं जुना, एन्क्रिप्शन नसलेला गिट प्रोटोकॉल बंद केला, तेव्हा जुन्या रेसिप्यांचे फेच अडले. ज्यांच्याकडे डाउनलोड्सची प्रत होती त्यांचे जुने बिल्ड चालत राहिले. एसस्टेट कॅश, म्हणजे आधी बिल्ड झालेल्या भागांचा साठा, हीही बाहेरच ठेव, पुढच्या बिल्डचे तास वाचतात.

५.० च्या नमुना लोकल कॉन्फमध्ये डीबग-ट्वीक्स (विकासाच्या सोयींचा संच) चालू असतं, म्हणजे रूट या सर्वाधिकारी खात्याला पासवर्ड नसतो. ग्राहकाकडे जाणाऱ्या इमेजसाठी पहिल्याच आठवड्यात वेगळी रेसिपी कर. शेवटच्या रात्रीवर ते टाकू नकोस. अपडेटसाठी रूट पार्टिशन दोन ठेव, रौक किंवा एसडब्ल्यूअपडेट या अपडेटच्या साधनांपैकी एक निवड, आणि अपडेट लिहिला जात असताना वीज तोडून बघ. वेगवेगळ्या क्षणी, निदान वीस वेळा.

वाय-फायच्या त्या फाइलचं आता असं कर: ती लेयरमध्ये घे, कमिट कर, मग दुसऱ्या मशीनवर रिकाम्या फोल्डरात सगळं नव्यानं क्लोन करून बिल्ड लाव. डिप्लॉय फोल्डरात इमेजशेजारी मॅनिफेस्ट नावाची फाइल असते, तीत प्रत्येक पॅकेज आवृत्तीसह लिहिलेलं असतं. दोन्ही मशीनची मॅनिफेस्ट डिफ करून बघ, आणि फरक दिसला तर दोन्ही फाइली मला पाठव. रविवारी बसून बघू.

तुझा,
एक जुना सहकारी