हे वाक्य आणलं कुणी?

प्रिय मुली,

तुझं पत्र मिळालं. सोबतचा संशोधनाचा आराखडा मी दोनदा वाचला. पहिल्याच पानावर तू लिहिलं आहेस, 'हेराक्लिटस म्हणतो, एकाच नदीत दोनदा उतरता येत नाही.' खाली तळटीप एका इंग्रजी पाठ्यपुस्तकाची. त्या वाक्याखाली मी पेन्सिलनं रेघ मारून ठेवली आहे. आज तेवढ्याबद्दलच लिहितो.

तुझ्या वयाचा असताना प्रबंधात हेच वाक्य मीही लिहिलं होतं. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी शांतपणे विचारलं, "हे तो कुठे म्हणतो?" मला उत्तर देता आलं नाही. ते एक प्रकरण पुन्हा लिहावं लागलं. त्याच वर्षी, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, मी ग्रीक मुळाक्षरं गिरवायला बसलो. तुला इतका उशीर होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

हेराक्लिटस हा ग्रीक तत्त्वज्ञ इफिसस शहरातला, इसवी सनापूर्वी ५००च्या आसपासचा. त्याचं पुस्तक हरवलं. उरली ती इतरांनी आपल्या ग्रंथांत उतरवून घेतलेली शंभरावर वाक्यं. हर्मान डील्सनं १९०३मध्ये सगळ्या सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञांची अशी वचनं एकत्र आणली आणि त्यांना क्रमांक दिले. त्याच्या मांडणीत 'ए' विभागात त्या माणसाविषयी इतरांनी सांगितलेलं येतं, 'बी' विभागात त्याचे स्वतःचे म्हणून मानलेले शब्द. हा भेद तुझ्या बोटांवर असायला हवा.

आता तुझं वाक्य. ते येतं प्लेटोच्या 'क्रॅटिलस' या संवादात, ४०२ए इथे. (हे आकडे १५७८ साली आंरी एस्तिएननं जिनिव्हात छापलेल्या आवृत्तीच्या पानांचे, आणि इथला 'ए' म्हणजे त्या पानाचा भाग, डील्सचा 'ए' विभाग नव्हे. प्लेटोचा हवाला आजही जगभर याच आकड्यांनी देतात, भाषांतराच्या पानांनी नाही.) तिथे सॉक्रेटिस देवदेवतांच्या नावांच्या व्युत्पत्ती लावत बसला आहे आणि ओघात म्हणतो, 'हेराक्लिटस कुठेतरी म्हणतो, की सगळं पुढे सरतं, काहीच थांबत नाही.' आणि लगेच पुढे तुझं नदीचं वाक्य येतं. त्यातला 'कुठेतरी' हा शब्द पाहा. ग्रीकमध्ये नुसतं 'पू' आहे, एका अक्षराचं. भाषांतरात ते बहुधा गळून पडतं. पण प्लेटो ग्रंथ समोर उघडून उतरवून घेत नाही, आठवणीतून सांगतो आहे, हे त्या एका अक्षरातून कळतं. शिवाय ॲरिस्टॉटल सांगतो की तरुणपणी प्लेटोचा क्रॅटिलसशी परिचय होता. हा क्रॅटिलस तर हेराक्लिटसलाही दोष द्यायचा, की दोनदा कसलं, नदीत एकदासुद्धा उतरता येत नाही. शेवटी त्यानं बोलणं सोडलं, नुसतं बोट हलवायचा. प्लेटोच्या कानावर हेराक्लिटस पडला असेल तो अशा माणसाकडून.

नदीचं आणखी एक वाक्य आहे, बी १२. मोठ्यानं वाच : 'पोतामोइसि तोइसिन आउतोइसिन एम्बाइनूसिन हेतेरा काइ हेतेरा हुदाता एपिर्रेइ.' त्याच त्या नद्यांत उतरणाऱ्यांवरून नवं नवं पाणी वाहत येतं. 'हुदाता' म्हणजे पाणी, आपल्या 'उदका'चं नात्यातलं. पहिले चारही शब्द चतुर्थीच्या अनेकवचनात आहेत, शेवट सारखे, कानाला लाटांसारखे लागतात. आणि मधला 'तेच' हा शब्द नद्यांना लावायचा की उतरणाऱ्यांना? व्याकरण दोन्ही चालवून घेतं. मराठीत आणताना मला एक बाजू निवडावी लागली. तुलाही लागेल, आणि ती का निवडली हे लिहावं लागेल.

इथे नदी 'तीच' आहे. पाणी बदलतं आणि नदी राहते. किंबहुना पाणी बदलतं म्हणूनच ती नदी राहते, वाहणं थांबलं तर डबकं होईल. तुझ्या आराखड्यातल्या अनित्यतेच्या जवळजवळ उलट दिशेला हे वाक्य जातं. १९५४मध्ये कर्क या अभ्यासकानं बी १२ हेच अस्सल मानलं, तर लगेच पुढच्या वर्षी व्लास्टोस या दुसऱ्या अभ्यासकानं 'दोनदा उतरता येत नाही' या रूपाची बाजू घेतली. त्या वादात तुला पडावंच लागेल.

पण बी १२ तरी आलं कुठून? चौथ्या शतकातला बिशप युसेबियस ते देतो. तो देतो आरिउस दिदिमसच्या हवाल्यानं. दिदिमस सांगतो क्लीअँथीसचं म्हणून, आणि क्लीअँथीस हा स्टोइक पंथाचा तत्त्वज्ञ, त्याला आपला गुरू झेनो याचं आत्म्याविषयीचं मत हेराक्लिटसशी जुळतं हे दाखवायचं होतं. एका वाक्याला वाहून आणणारे एवढे खांदे, आणि प्रत्येकाचं काही ना काही स्वतःचं काम होतं. ते काम ओळखल्याशिवाय वाक्याचा अर्थ लावायला जाऊ नकोस.

या माणसांविषयी मला फार ममता वाटते. सहाव्या शतकात सिम्प्लिशियस ॲरिस्टॉटलच्या ग्रंथांवर भाष्य लिहीत होता. पार्मेनिडीस या सॉक्रेटिसपूर्व तत्त्वज्ञाचं काव्य त्यानं गरजेपेक्षा पुष्कळ जास्त उतरवून ठेवलं, आणि कारणही दिलं, की हा ग्रंथ दुर्मीळ झाला आहे. जवळजवळ हजार वर्षांपूर्वीच्या कवितेची त्याला काळजी वाटली, म्हणून आज आपल्याला पार्मेनिडीस वाचता येतो. तसाच तो बायझंटाइन विद्वान आरेथास. इ.स. ८९५मध्ये त्यानं योहानेस नावाच्या लेखनिकाकडून प्लेटोचे संवाद लिहवून घेतले. एकवीस सोन्याची नाणी मोजली, तेरा लिहिण्याची, आठ चर्मपत्राची. ती पोथी आज ऑक्सफर्डला आहे आणि 'क्रॅटिलस' तिच्यात आहे. प्लेटो आणि ही पोथी यांत बाराशेहून जास्त वर्षं गेली.

तू विचारलं आहेस, हे पुण्यात बसून करता येईल का. मूळ पोथ्या इथे नाहीत, हे खरं. पण पोथ्यांकडे पाहावं कसं, हे शिकायला भांडारकर संस्थेच्या दारात जा. तिथे महाभारताची चिकित्सक आवृत्ती संपादणारे विष्णु सीताराम सुखटणकर आधी केंब्रिजला गणित शिकले, मग बर्लिनला ल्यूडर्सकडे संस्कृत. ग्रीक-लॅटिन ग्रंथांवर जर्मन पंडितांनी घडवलेली पाठचिकित्सेची पद्धत त्यांनी महाभारताला लावली. आदिपर्वाची त्यांची प्रस्तावना १९३३ची आहे. ती वाच. कोणत्या पोथ्यांत कोणत्या चुका समान आहेत, त्यावरून पोथ्यांची कुळं कशी लावायची, आणि ही पद्धत महाभारतासारख्या ग्रंथापुढे कुठे अपुरी पडते, हे त्यांनी ज्या सचोटीनं मांडलं आहे तसं मी क्वचितच पाहिलं. व्यासांनी लिहिलेली मूळ प्रत सापडली असा दावा ते करत नाहीत. हाती असलेल्या पोथ्यांवरून जितकं मागे जाता येईल तितकंच जातात.

आता ग्रीक शिकण्याविषयी. तुझं संस्कृत पक्कं आहे, त्याचा फायदा होईल. 'ददामि' येणाऱ्याला 'दिदोमि' परकं वाटत नाही, आत्मनेपद माहीत असलेल्याला ग्रीक क्रियापदाचा मधला प्रयोग पटकन कळतो. पण हीच ओळख घातही करते. 'प्सुखे'ला तू सरसकट 'आत्मा' लिहिलं आहेस. ॲरिस्टॉटलच्या लेखी गवताच्या पात्यालाही प्सुखे असते, कारण ते पोसलं जातं, वाढतं. 'आत्मा' म्हटलं की आपल्या वाचकाच्या मनात गीता आणि ज्ञानेश्वरी जागी होते, आणि ॲरिस्टॉटल बाजूलाच राहतो. निदान पहिल्या मसुद्यात 'प्सुखे' तसाच ठेव.

बौद्धांच्या क्षणिकवादाशी तुलना करणारं तुझं चौथं प्रकरण सध्या काढून टाक. तुलना वाईट नाही. तिसऱ्या शतकातल्या प्लॉटिनस या तत्त्वज्ञाला तर इराणी आणि भारतीय तत्त्वज्ञान समजून घ्यायची इतकी ओढ होती, की २४३मध्ये तो सम्राट गॉर्डियनच्या सैन्याबरोबर निघाला. सम्राट मारला गेला आणि तो मेसोपोटेमियातूनच जेमतेम जीव वाचवून परतला. पण एका बाजूचं वाक्य अजून नीट हातात आलेलं नसताना दुसरी बाजू शेजारी मांडलीस, तर दोन्हींवर अन्याय होईल. तीन वर्षांनी त्या प्रकरणाकडे परत ये.

रोज एक तास ग्रीक, सुट्टी नाही. भाषांतर शेजारी असू दे, पण झाकून. दिवसाला चार ओळी झाल्या तरी पुष्कळ.

येत्या रविवारी दहानंतर घरी ये. 'क्रॅटिलस'चं ४०२ए आणि बी १२ स्वतःच्या हातानं वहीत उतरवून आण, प्रत्येक शब्दाखाली विभक्ती लिहून. कोश माझ्याकडे आहे.

सस्नेह आशीर्वाद,
तुझे सर