हॉलसाठी फिकट बदामी घ्यावा की करडट बेज? मला तर दोन्ही सारखेच दिसतात.

‘सारखेच दिसतात’ वाचलं आणि डोक्यात तिडीक गेली. आमचा दादा चार वर्षांपूर्वी नेमकं हेच म्हणाला होता.

आमच्यापुढेही शेवटी दोनच शेड उरल्या होत्या. एकीला पिवळट झाक, दुसरीला किंचित गुलाबी. मी पिवळटवर अडून होते. दादा म्हणाला, “कार्डावर तुला तरी फरक दिसतोय का? उगाच घोळ घालू नकोस.” मी दोन्ही तुकडे कोऱ्या पांढऱ्या कागदावर ठेवून दाखवले, झाक तशीच कळते. तो वाकून बघायलाही तयार नव्हता. लागला गुलाबी. पहिल्या हाताला स्वारी खूश. दुसरा हात झाला, चारही भिंती एकमेकींवर रंग टाकायला लागल्या, खालून विटकरी फरशीने भर घातली, आणि रात्री 2700 केल्व्हिनचे पिवळे दिवे लागले तेव्हा हॉल जखमेवरच्या चिकटपट्टीच्या रंगाचा झाला. वहिनी म्हणाली, “उबदार वाटतंय.” पण सुरातच कळलं.

तर तुमचं. फरशी किंवा लाकूडकाम तांबूस असेल तर मी डोळे झाकून करडट बेज म्हणेन. मात्र त्यातही कधीकधी हिरवी नाहीतर जांभळी झाक लपलेली असते आणि ढगाळ दिवशी वर येते. म्हणून मोठा पुठ्ठा घ्या, दोन हात मारा, मधे दुमडून खोलीच्या कोपऱ्यात उभा करा. दोन बाजू एकमेकींवर पडल्या की भिंत पुढे कशी दिसणार ते कळतं. सकाळी, दुपारी आणि दिवे लावून, तिन्ही वेळा बघा. जुन्या भिंतीवर थेट पट्टे ओढू नका, शेजारचा जुना रंग डोळ्यांना फसवतो. आणि ज्याला फरक दिसत नाही त्याला निवडीत मत देऊ नका, मग तो वयाने कितीही मोठा असो!

हो, हॉलमध्ये उजेडच कमी असेल तर आधी दोन्ही शेडचा एलआरव्ही बघा, म्हणजे रंग किती उजेड परत फेकतो त्याचा आकडा. 0 म्हणजे काळा, 100 म्हणजे शुभ्र. दहाएकचा फरक असला तर जास्त आकड्याची घ्या, झाकेचं नंतर बघू.

दिव्यांचंही सांगायला हवं. गेल्या वर्षी मी गुपचूप 4000 केल्व्हिनचे, म्हणजे जरा पांढरे, लावले आणि गुलाबीपणा बराच उतरला. ‘दोष दिव्यांचा आहे’ असं दादा पहिल्यापासून म्हणत होता. परवा सोफ्यावर बसून म्हणाला, “बघ, मुरला की नाही रंग?” मी काही बोलले नाही.