"पोरगी दार लावून मेकअप करालीय, मॅडम"

सोलापुरात हे वाक्य मी आता इतक्या वेळा ऐकलंय की समुपदेशनाला आलेली आई खुर्चीत बसायच्या आधीच कळतं काय येणारे ते. २०२० च्या जूनमधे टिकटॉक बंद झालं, लगेच जुलैत रील्स आल्या, आणि तेव्हापासून जरा जास्तच. ही केस मे महिन्यातली, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

ताई घरी शिलाई करतात, मिस्टर लूमवर. पोरगी बारावीत जाणार. चुलत भावानं तिचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला, कुणीतरी "नटवी" म्हणालं, मग बापानं फोन काढून घेतला, पोरगी दोन दिवस जेवली नाही. "बिघडली का ओ ती?" एवढाच ताईंचा प्रश्न.

पोरगी आली ती तोंडाला मास्क लावून, बाहेर बेचाळीस डिग्री आणि ही मास्कमधे. मी म्हणलं, तुझे व्हिडिओ दाखव की. एकदम खुलली. मिशेल फान नावाच्या अमेरिकेतल्या मुलीनं २००७ साली यूट्यूबवर असे व्हिडिओ टाकायला सुरुवात केली इथपासून सगळा इतिहास मला सांगितला! हिचा स्टुडिओ म्हणजे खिडकी, आणि शेंगा चटणीच्या डब्याला टेकवलेला मोबाईल. विषय काय तर सावळ्या रंगाला फाउंडेशन कसं निवडायचं. दुकानदार दोन शेड उजळच देतो, मग तोंड वेगळं न मान वेगळी दिसती, म्हणून शेड हातावर नाही, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात बघायची. मला पन्नाशीला हे कुणी सांगितलं नव्हतं, खरं सांगते.

बापाला वाटत होतं यातनं पैसे सुरू झालेत. यूट्यूबवर जाहिरातीचे पैसे मिळायला एक हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जायला लागतं (शॉर्ट्सचं गणित वेगळं), हिचे सबस्क्रायबर २१२.

मग मी विचारलं, मास्क का गं? बराच वेळ काही बोलली नाही. मग काढला. दोन्ही गाल लालबुंद, बारीक पुरळ. गेल्या दोन महिन्यांपासून फिल्टर लावल्याशिवाय व्हिडिओ नाही, फाउंडेशनशिवाय ट्यूशनला नाही, कोपऱ्यावरनं दूध आणायलासुद्धा नाही. माझे कान टवकारले ते इथं. मेकअप करती याची मला काळजी नसते, मेकअप उतरवल्यावर उंबरा ओलांडता येतो का हे मी बघते.

ही लाली म्हणजे कुठल्यातरी बाईच्या रीलमधली क्रीम असणार असं मी मनात धरूनच चालले होते. ट्यूब आणायला सांगितली, त्यावर क्लोबेटासोल लिहिलेलं, म्हणजे जोरदार स्टिरॉइड, डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय चेहऱ्याला लावायची गोष्टच नाही. आधी उजळ वाटतं, मग कातडी पातळ होते, सोडली की आग आग न लाली, म्हणून माणूस परत तीच लावतो. मी काही डॉक्टर नाही, त्वचेच्या डॉक्टरकडं पाठवलं, स्वतःच्या मनानं चालूही ठेवू नको आणि एकदम बंदही करू नको एवढं सांगून.

पुढच्या वेळी ताई एकट्या आल्या. पदराशी खेळत बसल्या. मग म्हणाल्या, "ती ट्यूब मीच आणून दिलती मॅडम. उद्या स्थळं बघायची. मला सासरी काळी म्हणूनच हाक मारायचे."

आता यावर काय बोलणार. मी पाणी दिलं. तासभर मग पोरीबद्दल नाहीच बोललो आम्ही, त्यांच्याबद्दलच बोललो.

फोन परत द्यायला बाप तयार झाला, रात्री दहाला तो बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लागेल या अटीवर. पोरीला मी एक काम दिलं, आवडत्या पाच जणींच्या रील बघायच्या आणि कुठं पैसे घेऊन सांगितलंय ते शोधायचं. जाहिरात असेल तर तसं स्पष्ट लिहायचं असा एएससीआयचा, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचा, नियम २०२१ पासून आहे, पण ते लिहिलेलं असतं मुंगीएवढं. तिनं मार्कर घेऊन वहीत तक्ता करून आणला, दोघींवर लाल फुली!

फिल्टर अजून सुटला नाहीये. दूध मात्र आणती आता, कधी मास्क लावून कधी तसंच. पुढची भेट कॉलेज सुरू झाल्यावर, आणि डॉक्टरांनी दिलेलं सनस्क्रीन लावलं का नाही हे आईनं नाही, तिनं स्वतः मला सांगायचं असं ठरलंय.